भंगारातला रणगाडा परत उभा करायचाय? मग ग्राइंडर जरा बाजूला ठेवा

सांगाडा मिळाला की पहिला हात ग्राइंडरकडे जातो, तेच करू नका. आधी आत काय पडलंय ते बघायला बॉम्बशोधक पथक बोलवा, मस्करी नाही, 2000 साली एस्टोनियातल्या एका तळ्यातून टी-34 हा सोव्हिएत रणगाडा ओढून काढला तेव्हा त्यात शंभरावर तोफगोळे निघाले होते. जुन्या डायलवर रेडियमचा रंग असू शकतो, चमक गेली तरी रेडिएशन जात नाही, आणि गॅस्केट, ब्रेक लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस, म्हणून घासूबिसू नका.

मग मॉडेल नक्की करा. शर्मन हा दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकन रणगाडा म्हणजे एकच गाडी नाही हो, त्याच्या एम4ए1 मॉडेलला नऊ सिलिंडरचं रेडियल (गोलाकार मांडलेल्या सिलिंडरचं इंजिन), एम4ए3 ला फोर्डचं व्ही8, आणि एम4ए4 ला तर क्रायस्लरने मोटारीची पाच इंजिनं एकत्र जोडून तीस सिलिंडरचं धूड बनवलं होतं, त्यासाठी मागची बॉडीच लांब करावी लागली. त्यामुळे स्वस्तात मिळतंय म्हणून इंजिन आधी उचललं तर पस्तावाल.

दोन-तीन सांगाड्यांतून एक गाडी होते, लाज वाटायचं कारण नाही, फक्त कुठला पार्ट कुठून आला ते पहिल्या दिवसापासून फोटोसकट लिहून ठेवा.

जाम नट असला की तापवा, तेल सोडा, थंड होऊ द्या, परत तापवा, असं चार-पाच दिवस चालतं. लहान पार्टचा गंज काढायला तो धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून बॅटरी चार्जरने वीज सोडा, पार्ट निगेटिव्हला, पॉझिटिव्हला साधं लोखंड, स्टेनलेस अजिबात नको (पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं), आणि हे उघड्यावरच करा कारण हायड्रोजन निघतो. चिलखती पत्र्याला मात्र थंड असताना वेल्डिंग केलं की जोडाशेजारी तडा जातो, आधी गरम करा, लो हायड्रोजन रॉड (वेल्डिंगची कमी हायड्रोजनवाली कांडी) ओव्हनमध्ये सुकवून घ्या.

रेडियल असेल तर पहिल्यांदा थेट स्टार्टर मारू नका. बंद इंजिनातलं तेल खालच्या सिलिंडरमध्ये उतरून बसतं, ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉडच वाकतो. हँडलने हाताने फिरवा, भरपूर फिरवा, आणि मध्येच अडलं तर जोर न लावता खालचे प्लग काढून तेल निथळू द्या.