शिंगरू आईपासून तोडेपर्यंत त्याला काय आणि किती खाऊ घालावे

चिकोडी-रायबागकडच्या घोडागाडी शर्यतींसाठी घोडी पाळणारा असो, वा मेंढरांमागे बिऱ्हाड वाहण्यासाठी तट्टू बाळगणारा धनगर असो, शिंगराच्या पोषणाचा क्रम दोघांनाही सारखाच पाळावा लागतो: आधी चीक म्हणजे व्याल्यानंतरचे पहिले दाट दूध, मग नेहमीचे दूध आणि त्यानंतर चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक.

यातला पहिला दिवस सर्वांत मोलाचा. घोडीच्या वारेतून (गर्भाच्या आवरणातून, जे व्याल्यावर बाहेर पडते) रोगप्रतिकारक द्रव्ये गर्भापर्यंत पोहोचत नाहीत. ती शिंगराला चिकातूनच मिळतात, आणि ती शोषून घेण्याची आतड्यांची क्षमता तासागणिक घटत जाऊन सुमारे 24 तासांत संपते. निरोगी शिंगरू साधारण तासाभरात उभे राहते व दोन तासांत पिऊ लागते. तीन तास उलटूनही ते सडाला लागले नाही, तर घोडीचा चीक स्वच्छ भांड्यात पिळून बाटलीने पाजावा. 30 किलोच्या शिंगराच्या पोटात पहिल्या सहा तासांत निदान एक लिटर चीक जावा, तोही एकदम न देता थोडा थोडा. पाजताना त्याचे डोके आईला पिताना असते तसेच ठेवावे, कारण मान वर ताणली की दूध फुप्फुसात उतरण्याची भीती असते. ज्याला चोखण्याची ओढच नाही, त्याच्या तोंडात बाटली न कोंबता पशुवैद्यांना बोलवावे. वार पडेपर्यंत पाजू नये ही गाई-म्हशींबाबतची समजूत घोडीलाही लावली जाते. ती सोडून द्यावी, कारण पिलाच्या चोखण्यामुळे वार सुटायला उलट मदतच होते. तीन तासांत वार पडली नाही, तर मात्र डॉक्टर हवेतच.

पहिल्या आठवड्यात शिंगरू तासाला अनेकदा थोडे थोडे पिते. कास तट्ट भरलेली आणि शिंगराच्या कपाळावर वाळलेल्या दुधाचे ओघळ दिसत असतील, तर ते कासेखाली उभे राहूनही पीत नाही असे समजावे. उलट ते सारखे ढुशा देत असेल, तर दूध कमी पडत असावे.

दूध वाढवायचे तर घोडीला खाऊ घालावे. 300 किलोची घोडी भर दुधात असताना रोज आठ-नऊ लिटर दूध देते. तिला चांगला वाळका चारा, थोडा लसूण घास (ल्युसर्न हा हिरवा चारा) आणि दोन-तीन तोबऱ्यांत, म्हणजे वेळांत, विभागून सुमारे तीन किलो चंदी द्यावी; चंदीतली वाढ मात्र हळूहळू करावी. पाणी रोज 40 लिटरच्या आसपास लागते, अथणीकडच्या उन्हाळ्यात त्याहून अधिक. केवळ उसाच्या वाढ्यांवर किंवा हत्ती गवतावर तिला ठेवू नये, कारण त्यांतील ऑक्झलेट हे द्रव्य कॅल्शियम अंगी लागू देत नाही.

दोन महिन्यांनंतर घोडीचे दूध कमी होऊ लागते, तेव्हा शिंगराची स्वतःची चंदी सुरू करावी. गोठ्याच्या कोपऱ्यात बांबू आडवे बांधून शिंगरू खालून जाईल, पण घोडीला शिरता येणार नाही, असा आडोसा करावा. त्यात मक्याची भरड, सोयापेंड, बारीक चिरलेला लसूण घास आणि घोड्यांसाठीचे खनिज मिश्रण ठेवावे. मिश्रणात प्रथिने शेकडा 16 च्या आसपास असावीत. रोजचे प्रमाण शिंगराच्या वजनाच्या शेकडा अर्धा ते एक, म्हणजे 80 किलोच्या शिंगराला 400 ते 800 ग्रॅम. उरलेले रोज काढून टाकावे. गव्हाचा कोंडा स्वस्त पडतो खरा, पण त्यात फॉस्फरस फार आणि कॅल्शियम थोडे. त्यावरच वाढवलेल्या शिंगराची हाडे कच्ची राहतात. कोंबडीखाद्य आणि गुरांची तयार पेंड मुळीच देऊ नये, कारण त्यांत कधीकधी मोनेन्सिन हे औषध मिसळलेले असते आणि घोड्याला ते जीवघेणे ठरते.

आई मेली किंवा आटली, तर गाईचे दूध जसेच्या तसे पाजू नये. घोडीच्या दुधात साखर अधिक व स्निग्धांश कमी असतो, म्हणून साय काढलेल्या कमी स्निग्ध दुधात लिटरमागे 20 ग्रॅम ग्लुकोज पावडर मिसळावी. घरची साखर घालू नये, ती त्याला पचत नाही.

शर्यतीच्या हौसेने शिंगराला लवकर मोठे करण्याचा मोह अनेकांना होतो. अति चंदीने सांधे सुजतात व पाय वाकतात. तशी लक्षणे दिसताच चंदी कमी करून डॉक्टरांना दाखवावे. रोज ठरलेली चंदी संपवणारे शिंगरू पाच-सहा महिन्यांचे झाले की त्याला आईपासून तोडावे, आणि त्यानंतर काही आठवडे तीच चंदी, तोच चारा व तीच जागा कायम ठेवावी.