काजूची कलमं नोंदवण्याआधी

जमीन एकदा मे महिन्यात बघा आणि एकदा भर जुलैत. उन्हाळ्यात आमच्या सिंधुदुर्गातली सगळी वरकस, म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन, सारखीच दिसते, तांबडी आणि तापलेली. पाणी कुठे बसतं ते पावसातच कळतं. काजू जांभ्यावर (तांबड्या सच्छिद्र दगडावर) येतो, उतारावर येतो, पण मुळाशी तुंबलेलं पाणी त्याला सोसत नाही. माती मऊ लागली म्हणून आम्ही व्हाळाच्या (ओढ्याच्या) कडेला चाळीस कलमं लावली होती. दुसऱ्या पावसाळ्यात पानं पिवळी पडली. उपटून पाहिली तर मुळं काळी, बुळबुळीत, कुजका वास मारणारी. वरच्या खडकाळ भागातली मात्र जगली.

म्हणून पहार घेऊन वर, मध्ये आणि तळाला असे निदान तीन खड्डे मारा, जमलं तर मीटरभर खोल. खड्ड्याची भिंत निरखून बघा. खालपर्यंत तांबडी-पिवळी माती असेल तर निचरा आहे. राखाडी डाग आणि चिकटपणा दिसला तर ती जागा सोडा. खड्डा पाण्याने भरून ठेवा. पावसाची उघडीप असूनही दुसऱ्या दिवशी पाणी तसंच असेल, तर तिथे कलम लावू नका. पहार हातभरावरच खणखणली तर खालचा जांभा फुटका आहे का बघा, कारण भेगांतून मुळं वाट काढतात. सलग कातळावर सुरुंग लावून खड्डा करतातही, पण भेगा पडल्या नाहीत तर ते दगडाचं भांडंच होतं, पावसाळाभर भरलेलं.

त्याच खड्ड्यांतून फूट-फूट थराची माती वेगवेगळी काढा, सावलीत सुकवा आणि तपासायला द्या. खताच्या रिकाम्या गोणीत मात्र भरू नका. सामू (पीएच, म्हणजे मातीची आम्लता) ५ ते ६.५ च्या दरम्यान असेल तर उत्तम. अहवालात स्फुरदाचा (फॉस्फरसचा) आकडा आवर्जून बघा, कारण जांभ्याच्या मातीतलं लोह आणि ॲल्युमिनियम तो धरून ठेवतात आणि झाडाला मिळू देत नाहीत.

पावसाची चिंता कोकणात नको, तो ३००० मिलिमीटरच्या आसपास पडतोच. खरा प्रश्न डिसेंबर ते फेब्रुवारीचा, म्हणजे मोहोराचा. तेव्हा ढगाळ हवा राहिली की ढेकण्या हा रस शोषणारा किडा वाढतो, कोवळी पालवी आणि मोहोर करपतो. त्यासाठी जानेवारीत शेजारच्या काजूखाली जाऊन शेंडे बघा आणि त्या घरच्या जाणत्यांना विचारा, गेल्या काही वर्षांत किती मोहोर टिकला. त्याच फेरीत उन्हाचाही अंदाज घ्या. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे उत्तरेकडच्या उभ्या उतारावर ऊन कमी आणि तिरपं पडतं, आणि काजूला तर भरपूर ऊन लागतं. गवताळ उतार असेल तर वणवा अडवायला जाळपट्टा (गवत आधीच जाळून मोकळी केलेली पट्टी) कुठून काढणार तेही तेव्हाच ठरवा.

७ बाय ७ मीटरवर हेक्टरी साधारण २०० कलमं बसतात, पण ती कागदावर. पाणथळ, सलग कातळ आणि सावलीची जागा वजा करा, उरतील तेवढीच वेंगुर्ला ४ किंवा ७ या जातींची कलमं नोंदवा. आमची त्या हिशोबाने १३० भरली.