फ्लेक्सचं डिझाइन एआयकडून तपासून घेताय? मग असं विचारा

मंडळाच्या फ्लेक्सचा जेपीजी चॅटजीपीटी नाहीतर जेमिनायला टाकून "कसं झालंय?" विचारलं की बहुतेक वेळा कौतुकच ऐकायला मिळतं, वर दहापैकी आठ मार्क, आणि त्या मार्कांना काडीचा अर्थ नसतो, नवीन चॅट उघडून तीच इमेज टाका, आकडा बदलू शकतो. म्हणून मार्क मागायचेच नाहीत.

आधी इमेज लहान करा, व्हॉट्सॲपच्या डीपीएवढी, आणि काहीही न सांगता विचारा की पहिली नजर कुठे जाते, कार्यक्रम कसला, कधी, कुठे. तारीख सांगता आली नाही तर बाइकवरून जाणाऱ्यालाही ती दिसणार नाही असं धरून चाला. मग मोठी इमेज द्या आणि अटी सांगा, म्हणजे १० बाय ८ फूट, चौकात लागणार, कार्यकर्त्यांचे फोटो काढता येणार नाहीत (नाहीतर एआय पहिलं हेच सांगेल की फोटो कमी करा, बरोबरच आहे म्हणा, पण अध्यक्षांना सांगणार कोण!).

दोन ऑप्शन असतील तर क्रम उलटा करून परत विचारा, कारण फक्त आधी दाखवलं म्हणून एखादं आवडणं हा प्रकार एआयमध्ये होतो.

रंगांचा अंदाज त्याच्यावर सोडू नका. कलर पिकरने अक्षरांचा आणि मागचा रंग उचला आणि कॉन्ट्रास्ट चेकरमध्ये (दोन रंगांतला उजेडाचा फरक मोजणारं टूल) टाका. वेबसाठीचा नियम मोठ्या अक्षरांना किमान ३:१ आणि लहानांना ४.५:१ असा आहे, फ्लेक्सलाही अंदाजाला चालतो. झेंड्यातल्या केशरीवर पांढरी अक्षरं जेमतेम २ च्या आसपास येतात, त्यावर मरून रंगाची अक्षरं टाकली की ५ च्या वर.

मराठी अक्षरं मात्र स्वतःच वाचा. 'दुसऱ्या'तला र तुटलेला असो की वेलांटी चुकीच्या अक्षराला लागलेली असो, एआय संदर्भावरून शब्द ओळखतं आणि सगळं ठीक म्हणून मोकळं होतं. अक्षरांमधलं स्पेसिंग वाढवलं असेल तर शिरोरेषा तुटलीय का तेही बघा. जुन्या फोटोशॉपमध्ये जोडाक्षरं फुटत असतील तर टाइप सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट चालू करा. श्रीलिपीतला (मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर, त्याचे फॉन्ट वेगळे असतात) मजकूर दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडणार असेल तर टेक्स्ट कर्व्ह करूनच, म्हणजे अक्षरांचे आकार बनवूनच फाइल द्या, आणि सीएमवायके (छपाईचे रंग), ब्लीड (कडेला सोडायची जादा जागा) वगैरे प्रेसवाल्याला विचारा, जेपीजी बघून एआयला त्यातलं काही कळत नाही.