वळवाच्या पहिल्या पावसानंतरच्या चार संध्याकाळी आणि हुमणीचे भुंगेरे

उसाचा बुडखा पिवळा पडून सहज उपटून हाती येऊ लागला म्हणजे आपल्याला हुमणीची, म्हणजेच जमिनीत राहून मुळे खाणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळीची (शेजारच्या कन्नड शेतकऱ्यांच्या गोण्णे हुळूची), आठवण होते. पण ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत अळी बोटाएवढी जाड होऊन मुळांच्या खोल थरात गेलेली असते आणि तोवर बरीच मुळे खाऊन झालेली असतात. म्हणून चिकोडी, निपाणी, हुक्केरी, बेळगाव भागातील ऊस, भुईमूग आणि सोयाबीन उत्पादकांनी आपले लक्ष अळीवरून भुंगेऱ्याकडे, म्हणजेच तो जमिनीतून वर येतो त्या मे महिन्याकडे वळवावे.

माळावरील हुमणीची वर्षाला एकच पिढी होते. कोषातून भुंगेरा साधारणपणे नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच तयार होतो, पण वर येत नाही. गुळगुळीत भिंतीच्या मातीच्या खोपीत तो हिवाळा आणि उन्हाळा निपचित काढतो. वळवाच्या पावसाने तापलेली जमीन निवून ओल खाली उतरली की तो वर येतो. कीटकाच्या शरीराला स्वतःची ऊब नसल्याने त्याची वाढ भोवतालच्या तापमानावर चालते, आणि त्यामुळेच उबदार, ओलसर मातीत अंडी लवकर उबतात, तर थंडीत वाढ मंदावते.

दिवसाच्या लांबीचे काय? समशीतोष्ण देशांत, उदाहरणार्थ बटाट्यावरील कोलोरॅडो भुंगेरा, दिवस लहान होऊ लागल्याची खूण ओळखून जमिनीत शिरतो. बेळगाव मात्र 16 अंश उत्तर अक्षांशाच्या किंचित खाली असल्याने जूनमधला सर्वांत मोठा दिवस सुमारे 13 तासांचा, तर डिसेंबरमधला सर्वांत लहान 11 तासांहून थोडा मोठा असतो. हा फरक फार नसल्याने आपल्याकडे हुमणीचा हंगाम ओळखताना पाऊस आणि जमिनीची ओल यांवरच नजर ठेवावी, असे माझे मत आहे. उजेडाची खूण उपयोगी पडते ती रोजच्या वेळेसाठी. सूर्य मावळून अंधार पडू लागला की, म्हणजे या दिवसांत सातच्या सुमारास आणि त्यानंतर, भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंब आणि बाभळीवर जमतात. बॅटरी लावून फांदीखाली उभे राहिल्यास पाने कुरतडल्याची बारीक खसखस ऐकू येते आणि जोडीने लोंबकळणारे तपकिरी भुंगेरे दिसतात.

पहिला चांगला पाऊस झाल्यावर लागोपाठ तीन-चार संध्याकाळी फांद्या हलवून खाली पडलेले भुंगेरे रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावेत. एक मादी साधारण 60 अंडी घालते, त्यामुळे अंडी घालण्याआधी पकडलेल्या प्रत्येक मादीबरोबर पुढच्या कित्येक अळ्या टळतात. हे काम एकट्याने करून फारसे साधत नाही, कारण शेजारच्या बांधावरचे भुंगेरे रातोरात आपल्या शेतात उतरतात. संपूर्ण वाडीने किंवा शिवाराने ते एकाच आठवड्यात करावे. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा यांच्या काठच्या काळ्या जमिनीतील नदीकाठची हुमणी वेगळ्या जातीची असून तिचे भुंगेरे झाडपाला फारसा खात नाहीत, म्हणून तिथे झाडांवर शोधण्यापेक्षा दिवस मावळताना शेतातच उडणारे भुंगेरे वेचावेत.

शेणखत पूर्ण कुजलेलेच वापरावे. अळ्या लहान असताना, जमिनीत ओल असेल अशा दिवशी मेटारायझियम ही अळ्यांना रोगी करून मारणारी उपयुक्त बुरशी हेक्टरी 20 किलो या प्रमाणात कुजलेल्या शेणखतात मिसळून सरीत द्यावी आणि लगेच मातीने झाकावी, कारण कडक ऊन व कोरडी माती या बुरशीला मानवत नाही. तिच्याबरोबर रासायनिक बुरशीनाशक कधीही मिसळू नये.