जर्मनीत ‘बॅक’ नसतो, अटेम्प्ट असतो

मास्टर्सला जर्मनीला निघालेल्यांची एपीएस (आपल्या पदवीच्या कागदपत्रांची तपासणी), ब्लॉक्ड अकाउंट (तिथल्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं), व्हिसा ही सगळी माहिती एव्हाना तोंडपाठ झाली असेल. मी लिहितेय पहिल्या वर्षाबद्दल, कारण तिथेच मी आपटले.

पुण्यात इंजिनिअरिंगला इन्सेमचे, म्हणजे सेमिस्टरच्या मधल्या परीक्षेचे ३०, शेवटच्या एंडसेमचे ७०, वर टर्मवर्क, म्हणजे वर्षभराच्या कामाचे मार्क. सबमिशनसाठी सर मागे लागायचे, पीएलमध्ये, म्हणजे परीक्षेआधीच्या सुट्टीत, रात्री जागून पेपर निघायचा. बॅक राहिला, म्हणजे विषय गेला, तर पुढच्या वेळी काढू, एवढंच. ड्रेस्डेनला ऑक्टोबरमध्ये लेक्चर सुरू झाली आणि माझ्या कोर्समध्ये ना हजेरी, ना असाइनमेंटचा तगादा. फेब्रुवारीत फायनाइट एलिमेंट या गणिती पद्धतीच्या विषयाचा एकच लेखी पेपर, सगळी ग्रेड त्यावर. मला ५.० मिळाले. तिथे १.० सर्वांत उत्तम, ४.० ला पास. ५.० म्हणजे नापास.

आता नीट वाचा. बऱ्याच युनिव्हर्सिटींत एका पेपरला तीनच अटेम्प्ट असतात. अनिवार्य विषयात तिसरा गेला की कोर्समधून नाव निघतं आणि तुमचा व्हिसा त्याच प्रवेशावर उभा असतो. लेक्चरला बसलात म्हणून परीक्षेला नाव लागत नाही. पोर्टलवर मुदतीत आपलं आपणच नोंदवायचं. नाव नोंदवून, वेळेत माघार न घेता गैरहजर राहिलात, तरी सहसा अटेम्प्ट गेलाच. हे सगळं तुमच्या कोर्सच्या प्र्युफुंग्सऑर्डनुंगमध्ये, म्हणजे परीक्षा-नियमावलीत असतं. ती पहिल्याच आठवड्यात वाचा. सीनियर सांगतो त्यावर विसंबू नका, त्याच्या बॅचचे नियम वेगळे असू शकतात.

सीनियरांच्या ड्राइव्हवरच्या जुन्या पेपरांबद्दल तर माझं मत फार वाईट आहे. दुसरा अटेम्प्ट मी त्यांच्याच जिवावर दिला. पुन्हा ५.०. आईला फोनवर मात्र “मस्त चाललंय” सांगत होते.

तपासलेला पेपर तिथे बघायला मिळतो, त्याला आइनझिष्ट म्हणतात. पहिल्या वेळी लाजेने गेलेच नव्हते. या वेळी गेले. चार पानं भरून गणित होतं आणि पहिल्याच पानावर, तिसऱ्या ओळीत, लाल वर्तुळ. बाउंडरी कंडिशन, म्हणजे वस्तू कडेला कुठे, कशी धरलेली आहे ही अट, चुकलेली. पुढची सगळी मांडणी जुन्या पेपरातली, पाठ केलेली. प्रश्नातला आधार बदलला होता, ते मी पाहिलंच नव्हतं.

मग धीर करून प्रोफेसरांच्या श्प्रेखश्टुंडला, त्यांच्या भेटीच्या ठरलेल्या तासाला गेले. त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला आणि विचारलं, “कुठे अडतंय?” मला सांगताच येईना. ते रागावले नाहीत. म्हणाले, एक गणित घे, स्वतः सोडव, चुकलेलं असलं तरी घेऊन ये.

सहा आठवडे दर मंगळवारी मी चुकलेली गणितं घेऊन गेले. पहिल्या दोन वेळा कागद पुढे करताना हात थरथरत होता. आपल्याकडे चुकलेलं लपवून फक्त बरोबर आलेलं दाखवायची सवय लागते, ती मोडायला मला तेवीस वर्षं लागली. चौथ्या आठवड्यात मीच त्यांना म्हणाले, “इथे माझं गृहीतक चुकलंय बहुतेक.” त्या संध्याकाळी घरी फोन करून दोन्ही निकाल खरे सांगितले. बाबा थोडा वेळ गप्प होते, मग विचारलं, “जेवलीस का?”

तिसऱ्या अटेम्प्टला २.७ आले.

तुमचा पहिला गेला असेल तर घाबरू नका, खरंच सावरता येतं. पण आइनझिष्टची तारीख आजच बघा, तीही ठरलेली असते आणि निघून जाते.