जपानी स्पोर्ट्‌स कार स्वतः विकताना

गिऱ्हाईक येण्याआधी गाडी चालू करून गरम करून ठेवू नका. जाणकार माणूस आल्याआल्या बॉनेटवर हात ठेवतो. इंजिन गरम लागलं की थंड असताना सुरू होतानाचा दोष झाकलाय अशी त्याला शंका येते, आणि ती रास्तच असते. थंड इंजिन त्याच्यासमोर सुरू करा, धूर आणि आवाज त्यालाच तपासू दे.

चकाकीपेक्षा बिलं जास्त बोलतात. ऑइल, क्लच, टायमिंग बेल्ट कधी आणि किती किलोमीटरवर बदलले, हे तारखेनुसार एका फाइलीत लावा. माझदा आरएक्स-८ असेल तर कॉम्प्रेशन टेस्टचा (इंजिनात किती दाब तयार होतो त्याच्या तपासणीचा) ताजा रिपोर्ट हवाच, तोही रोटरी इंजिनसाठीच्या मीटरने काढलेला. या इंजिनात पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतो. साधा मीटर रोटरच्या तिन्ही बाजूंचं प्रेशर वेगवेगळं दाखवत नाही. माझदाचीच एमएक्स-५ घेणारा आधी मागच्या चाकांपुढच्या, दाराखालच्या पट्टीवरचा गंज बघतो, तेव्हा तिथले जवळून काढलेले फोटो जाहिरातीतच टाका. ओरखडेही दाखवा, उगाच चकरा वाचतात.

एक्झॉस्ट, सस्पेन्शन बदललंय? मूळ पार्ट जपून ठेवले असतील तर सोबत द्या. मॉडिफिकेशनवर केलेला खर्च किमतीत क्वचितच वसूल होतो, आणि मूळ रूपातली गाडी शोधणारे बरेच असतात.

टेस्ट ड्राइव्हला लायसन्स आणि इन्शुरन्स बघून घ्या, शेजारी स्वतः बसा. ‘फक्त एकदा रेडलाइनपर्यंत’ म्हणजे इंजिनाच्या वेगाच्या कमाल मर्यादेपर्यंत नेऊ द्या, असं म्हणणारे भेटतातच. इंजिन पुरतं गरम होईपर्यंत त्यांना सरळ नाही म्हणा. पैसे खात्यात जमा झालेले स्वतः पाहिल्याशिवाय किल्ली आणि कागदपत्रं हातची सोडू नका.