उपग्रहाच्या चित्राशेजारी कालनिर्णय ठेवा

आमच्या ऐरोलीच्या सोसायटी ग्रुपवर अधूनमधून एक जोडचित्र फिरतं. ‘आधी’मध्ये ठाण्याची खाडी काठोकाठ, ‘आता’मध्ये नुसता चिखल, आणि खाली रागाने लालबुंद चेहरे. मी आधी तिथी विचारते. लोकांना वाटतं, ही काय मुहूर्त काढते की काय! पण स्वतः एकदा करून बघा, म्हणजे कळेल का विचारते ते.

कोपर्निकस ब्राउझर नावाची, उपग्रहाची चित्रं दाखवणारी युरोपची साइट आहे, फुकट. मोबाईलवर जीव जातो, लॅपटॉप घ्या. शोधायच्या चौकटीत ऐरोली टाका आणि एका बाजूला भांडुप-मुलुंडची मिठागरं, दुसऱ्या बाजूला पारसिकचा डोंगर दिसेल एवढंच जवळ जा. डावीकडे सेंटिनेल-2 हे उपग्रहाचं नाव निवडा, ढगांची मर्यादा दहा टक्क्यांवर आणा आणि कॅलेंडर उघडा. ज्या तारखांना चित्र आहे त्या खुणेने दाखवलेल्या असतात. साधारण दर पाच दिवसांनी एक मिळतं. नोव्हेंबर ते मे आभाळ मोकळं असतं, तेव्हा निवडीला भरपूर वाव.

आता थरांच्या यादीत ‘फॉल्स कलर’ दाबा. हिरवं सगळं लाल होईल, घाबरू नका. पानं डोळ्यांना न दिसणारी अवरक्त (निअर इन्फ्रारेड) किरणं जोरात परत फेकतात, तीच इथे लाल रंगात दाखवलेली असतात. खाडीच्या दोन्ही काठांचा गडद लाल पट्टा म्हणजे तिवरांचं रान. डोंगरही लाल दिसला तर एप्रिल-मे महिन्याची तारीख लावा: पारसिकवरची पानगळीची झाडं मातकट होतात, तिवरं मात्र लालच्या लाल. कांदळवन कुठे संपतं हे ओळखायला मला याच्याइतकी सोपी युक्ती दुसरी सापडलेली नाही.

आता तिथी. माझं माहेर दिवाळे कोळीवाड्यातलं. आमच्या घरी भरतीची वेळ तोंडी काढायचे: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला, पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट, म्हणजे सव्वाअकरा. तिथून सहा तासांनी ओहोटी. हिशोब ढोबळ आहे, शिवाय खाडीत आत ऐरोलीपर्यंत पाणी चढायला आणखी थोडा वेळ लागतो, पण आपलं काम भागतं.

गंमत अशी, की सेंटिनेल-2 आपल्या डोक्यावरून जातो तोही सकाळी अकरा-सव्वाअकराच्या सुमारासच. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या चित्रात उधाणाचं पाणी जवळजवळ तिवरांना टेकलेलं, आणि सप्तमी-अष्टमीच्या चित्रात ओहोटी, चिखलाचे पट्टे उघडे. मधे फक्त एक आठवडा. खाडीचं काहीही बिघडलेलं नसताना ‘आधी’ आणि ‘आता’ तयार!

म्हणून तुलना करायची तर दोन्ही वर्षांतला महिना तोच घ्या आणि तिथीही आसपासची घ्या. एखादी तिथी इकडेतिकडे चालेल, चार चालणार नाहीत. दोन्ही चित्रं ‘कम्पेअर’मध्ये टाका आणि मधली रेघ सरकवत बघा. मी शक्यतो अष्टमीच्या जवळची जोडी घेते, कारण भराव टाकलेला असेल तर तो ओहोटीत लपत नाही. मिठागरांचे चौकोन, ऐरोलीचा पूल असं न हलणारं काहीतरी आधी जुळवून घ्या, मग काठ बघा.

अपेक्षा बेताची ठेवा. एक ठिपका दहा मीटर बाय दहा मीटरचा, म्हणजे हजार चौरस फुटांहून थोडा जास्त. नवी मुंबईच्या हिशोबाने बऱ्यापैकी टू बीएचके. फ्लेमिंगो शोधत बसू नका, अटल सेतूसुद्धा बारीक रेघेसारखा दिसतो. एका ठिपक्यावरून कुणावर आरोप करू नका. पाच-दहा ठिपके सलग बदललेले असतील आणि पुढच्या दोन-तीन चित्रांतही तसेच राहिले असतील, तरच बोला.

सेंटिनेल-2 चा पहिला उपग्रह 2015 मध्ये अवकाशात गेला, त्यामुळे त्याआधीचं इथे शोधायचं नाही. त्यासाठी गूगल अर्थचा टाइमलॅप्स आहे, 1984 पासूनचा. उलव्याचा डोंगर कापून विमानतळाची जागा कशी सपाट झाली ते त्यात बघा. तिथे वर्षाचं एकच चित्र असतं, अनेक दिवसांचं मिळून केलेलं, त्यामुळे भरती-ओहोटीच्या वादात ते पुरावा म्हणून वापरू नका.

पावसाळ्यात सेंटिनेल-2 वर ढगच ढग. तेव्हा सेंटिनेल-1 निवडा. तो रडारचा आहे, ढगांतून आणि रात्रीही बघतो. चित्र काळंपांढरं येतं: शांत पाणी काळं, इमारती चमकदार, आणि न्हावा-शेव्याबाहेर थांबलेली जहाजं पांढऱ्या ठिपक्यांसारखी. त्याची वेळ सव्वाअकराची नसते, तेव्हा चित्रावरची वेळ वाचा; ती जागतिक वेळ असते, तिच्यात साडेपाच तास मिळवा आणि मगच पाऊणपट लावा. आणि ग्रुपवर टाकताना कोपऱ्यातली तारीख कापू नका, नाहीतर मी विचारणारच.